वाचकांचे प्रश्न : पेट्रोल जनरेटर कुठे ठेवायचा, कसा जोडायचा

वीज गेल्यावर बाहेर काढायचा, दोघांनी उचलून ठेवता येईल असा 1 ते 5 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर हा या वेळचा विषय. आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्न ‘सुरू होत नाही’, ‘बंद पडतो’ अशा स्वरूपाचे आहेत. त्यांची उत्तरे शेवटी दिली आहेत आणि त्यामागे कारण आहे. या यंत्रामुळे माणसे दगावतात ती बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत चालू असताना. जागा चुकलेली असते किंवा जोडणी चुकलेली असते. म्हणून आधी त्या दोन गोष्टी.

प्रश्न : पावसात जनरेटर उघड्यावर ठेवता येत नाही. आम्ही गॅरेजमध्ये ठेवतो, शटर पूर्ण वर करतो आणि आतला एक्झॉस्ट फॅनही लावतो. एवढी हवा पुरेशी आहे ना?

नाही. शटर उघडे, खिडक्या उघड्या, पंखा चालू, काहीही केले तरी नाही. जनरेटर घराबाहेरच चालवायचा, याला अपवाद नाही.

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. धुराला जो वास येतो तो इतर घटकांचा. त्यामुळे ‘आमच्या नव्या मशीनला वास येत नाही’ याला काही अर्थ नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एकदा चिकटला की तेवढे रक्त ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही. आजच्या मोटारींमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, छोट्या जनरेटरला तो सहसा नसतो. म्हणूनच असा एक जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. बंद किंवा अर्धवट बंद जागेत तो जीवघेण्या पातळीला पोचायला काही मिनिटे पुरतात.

पंखा उपयोगी का पडत नाही? हा वायू जवळपास हवेइतक्याच वजनाचा आहे. तो खाली बसत नाही, वरही जात नाही; हवेत मिसळून जिकडे हवा जाईल तिकडे जातो. वाऱ्याची दिशा फिरली की उघड्या शटरमधून धूर आतच ढकलला जातो. आतून घरात उघडणारे दार, त्याखालची फट, भिंतीतली वायरींची भोके, एवढी वाट त्याला पुरते. जनरेटर बंद केल्यावरही तो खोलीत काही तास टिकून राहू शकतो.

जागा निवडताना अंतर मोजा. दारे, खिडक्या, झरोके, एसीचे बाहेरचे तोंड या सगळ्यांपासून निदान 6 मीटर. सायलेन्सरचे तोंड घराच्या उलट दिशेला हवे, आणि ते शेजाऱ्यांच्या खिडकीकडेही नको. बाल्कनी, व्हरांडा, जिन्याखालची जागा, तळघर, तीन बाजूंनी पत्रे मारलेली शेड या सगळ्या जागा बाद. दोन इमारतींमधला अरुंद बोळ उघडा दिसला तरी तिथे धूर कोंडतो आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत शिरतो, म्हणून तोही नको.

पावसासाठी चारही बाजू मोकळ्या असलेले छप्पर हवे. जनरेटरच्या फ्रेमवर बसणारी, याच कामासाठी बनवलेली ताठ छत्री मिळते; ती चांगली. ताडपत्री थेट मशीनवर टाकली तर थंड करणारी हवा अडते, सायलेन्सरला लागून ताडपत्री पेटते. मशीन विटांच्या किंवा फरशीच्या सपाट, पक्क्या ओट्यावर ठेवा म्हणजे खाली पाणी साचणार नाही. ओल्या हाताने सॉकेटला हात नको. वाऱ्यापावसाचा जोर इतका असेल की मशीन कोरडे ठेवणे शक्यच नाही, तर तेवढा वेळ अंधारात बसणे हाच योग्य निर्णय.

याबरोबर घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवा, झोपण्याच्या खोल्यांजवळ. धुराचा अलार्म वेगळा, तो हा वायू ओळखत नाही. टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा आणि मागे छापलेली मुदत पाहा. त्यातला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. अलार्म वाजला तर खिडक्या उघडत बसू नका. सगळ्यांनी आधी बाहेर पडायचे.

प्रश्न : जनरेटर चालू असला की तासाभरात डोके जड होते, मळमळते. आवाजाने होत असेल असे घरचे म्हणतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा 98 दाखवतो. मग काळजीचे कारण नाही ना?

आहे, आणि तातडीचे आहे. जनरेटर बंद करा आणि तो दुसऱ्या जागी नेईपर्यंत चालवू नका.

त्या 98 वर विश्वास ठेवू नका. घरगुती ऑक्सिमीटर प्रकाशाच्या दोन तरंगलांबींवरून रक्ताचा रंग पाहतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असतानाही तो आकडा उत्तम दिसू शकतो. खरी पातळी रक्ताच्या वेगळ्या तपासणीतूनच कळते.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, हातापायांतली ताकद जाणे, विचार नीट न सुचणे ही सुरुवातीची लक्षणे. ती तापाच्या साथीसारखी वाटतात, पण ताप नसतो. ओळखण्याची आणखी एक खूण म्हणजे घरातल्या दोघातिघांना एकदमच त्रास होतो आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले आणि वृद्ध यांना त्रास आधी आणि जास्त होतो. झोपलेल्या माणसाला तर लक्षणे जाणवतच नाहीत. म्हणून रात्री जनरेटर लावून झोपण्याच्या बाबतीत जागेचा नियम दुप्पट काटेकोरपणे पाळा.

अशी शंका आली की सगळ्यांनी बाहेर यायचे, आणीबाणीच्या सेवेला फोन करायचा आणि डॉक्टरांना ‘जनरेटर चालू होता’ हे स्पष्ट सांगायचे. तेवढ्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते. साध्या हवेत श्वास घेताना रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. ‘बाहेर बसून बरे वाटले’ एवढ्यावर थांबू नये ते यासाठीच. कोणी आत बेशुद्ध पडले असेल तर आत जाणाराही काही मिनिटांत कोसळू शकतो. झटक्यात ओढून बाहेर आणता येत असेल तरच आत जा, आत राहून उपचार करू नका.

प्रश्न : दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर वायरमनने बनवून दिली आहे. एक टोक जनरेटरला, दुसरे घरातल्या सॉकेटला लावले की सगळे घर चालते. मेन स्विच आम्ही आठवणीने बंद करतो. तरीही लोक धोकादायक का म्हणतात?

ती वायर आजच मधोमध कापून टाका. हे सौम्य करून सांगण्यासारखे नाही.

पहिली गोष्ट, एक टोक जनरेटरला असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर 230 व्होल्ट असतात. ती पिन सॉकेटमधून निसटली किंवा मुलाने ओढली तर हातात जिवंत वीज. दुसरी गोष्ट मेन स्विचची. सगळी सुरक्षितता एका माणसाच्या आठवणीवर उभी आहे आणि ती आठवण अंधारात, घाईत, पाहुणे घरात असताना लागणार आहे. एकदा विसरलात की जनरेटरची वीज उलटी बाहेरच्या लाइनवर जाते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो: जो 11,000 चे 230 करतो, तोच उलट्या बाजूने 230 चे 11,000 करतो. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात ते व्होल्टेज येते.

आणि वीज परत आली तर? जनरेटरची लहर आणि लाइनची लहर एकमेकांशी जुळलेली नसतात. क्षणात प्रचंड प्रवाह वाहतो, जनरेटरची वाइंडिंग जळते आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते. चौथा मुद्दा क्वचित कोणी सांगते: या पद्धतीत वीज घरात चुकीच्या दाराने शिरते. मीटरजवळचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बाजूला पडतो आणि एका सॉकेटसाठी टाकलेल्या बारीक वायरवर सगळ्या घराचा भार येतो.

योग्य उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच: ‘लाइन – बंद – जनरेटर’ अशा तीन जागांचा, सिंगल फेजसाठी दोन पोलचा. दोन पोलचा म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. फक्त फेज तोडणारा स्विच चालणार नाही. त्याची रचनाच अशी असते की दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणे शक्य नसते. विसरायला जागाच उरत नाही. थ्री फेज घराला चार पोलचा लागतो. स्विचची क्षमता घराच्या मेनपेक्षा कमी नको. जनरेटरची केबल लावण्यासाठी बाहेरच्या भिंतीवर इनलेट सॉकेट बसवतात, ज्यात पिना भिंतीकडच्या भागात आणि झाकणाखाली असतात. केबलच्या टोकावर उघडी पिन येत नाही. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे आहे. वीज पुरवठादाराला कळवावे लागते का, हे त्याच्याकडून विचारून घ्या.

आणि एवढे करायचे नसेल तर घराच्या वायरिंगला हातच लावू नका. जनरेटरवरून चांगली केबल आत आणा आणि फ्रिज, पंखा, दिवा थेट तिला जोडा. गैरसोयीचे आहे, पण सुरक्षित आहे. आमच्या मते वर्षातून चार-सहा वेळाच जनरेटर लागणाऱ्या घराला हेच पुरेसे.

प्रश्न : जनरेटरच्या फ्रेमवर अर्थिंगचा स्क्रू आहे. जमिनीत लांब खिळा ठोकून त्याला वायर जोडली. आता शॉक लागणार नाही ना?

खिळ्याने फारसे काही साधत नाही. आधी हे पाहा की तुमच्या मशीनमध्ये न्यूट्रल फ्रेमला जोडलेला आहे की मोकळा. मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. अनेक छोट्या मशीनमध्ये तो मोकळा असतो, म्हणजे वाइंडिंगचे कुठलेच टोक फ्रेमशी किंवा जमिनीशी जोडलेले नसते.

एकदोन उपकरणे थेट जोडून वापरताना ही मोकळी रचना ठीक असते, कारण जमिनीतून परत जाण्याची वाट विजेला मिळत नाही. मात्र उपकरण आणि केबल तीन तारांची हवी, म्हणजे उपकरणाचे धातूचे अंग जनरेटरच्या फ्रेमशी जोडलेले राहते. दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर मध्ये लावलात की ते संपले.

घराच्या वायरिंगला चेंजओव्हरमधून जोडताना मात्र चित्र बदलते. न्यूट्रल मोकळा असेल तर घरातला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी पहिल्या गळतीला पडणारच नाही, म्हणजे वीज तोडणारच नाही, कारण गळतीचा प्रवाह परत फिरायला मार्ग नसतो. फसवी गोष्ट म्हणजे आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण तरीही काम करते. ते बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये आतल्या आत प्रवाह सोडते, अर्थिंगची परीक्षा घेतच नाही. म्हणून घर जोडायचे असेल तर न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड एका, आणि फक्त एकाच, ठिकाणी हवा आणि जनरेटरची फ्रेम घराच्या अर्थिंगला जोडलेली हवी. तो जोड कुठे करायचा हे मशीन पाहून इलेक्ट्रिशियनने ठरवायचे. काम झाल्यावर जनरेटर चालू असताना टेस्टर यंत्राने आरसीसीबी खरोखर पडतो का, हे त्याच्याकडून करून घ्या.

प्रश्न : मशीनवर 2.5 केव्हीए लिहिले आहे. 4 पंखे, 10 एलईडी, फ्रिज आणि 1 एचपीचा पाण्याचा पंप चालेल का?

पंप सोडून चालेल.

डब्यावरचा मोठा आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो आणि ती काही मिनिटांपुरती असते. प्लेटवर ‘रेटेड’ असा दुसरा, लहान आकडा शोधा. समजा तो 2.2 केव्हीए आहे. मोटारी असलेल्या भारासाठी पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) 0.8 धरला तर हातात येतात 1760 वॅट. सलग चालवायचे तर त्याच्याही 80 टक्क्यांवर थांबावे, म्हणजे 1400 वॅटच्या आसपास. समुद्रसपाटीपासून उंचावर राहत असाल तर दर 300 मीटरला इंजिनची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते, तेही वजा करा.

आता खर्च. पंखे 75 प्रमाणे 300, दिवे 9 प्रमाणे 90, फ्रिज चालताना 150. झाले 540. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर 700 ते 1000 वॅट मागतो, तेवढी जागा मोकळी हवी. ती आहे. पंपाचे तसे नाही. 1 एचपी म्हणजे 746 वॅट ही मोटारीने दिलेली ताकद. ती देण्यासाठी मोटार 1000 ते 1100 वॅट घेते आणि सुरू होताना त्याच्या तिप्पट ते पाचपट. 2.5 केव्हीएचे मशीन तो धक्का पेलत नाही. इंजिन दबते, व्होल्टेज खाली येते, मोटार फिरण्याऐवजी घुमते आणि तिची वाइंडिंग तापते. त्याच वेळी लागलेल्या फ्रिजलाही तेच कमी व्होल्टेज मिळते. अशा घुमण्यात पंप दोन-तीन सेकंदांहून जास्त ठेवू नका.

गिझर, इस्त्री, इंडक्शन यांना सुरुवातीचा धक्का नसतो, पण एकेकटे 1000 ते 2000 वॅट खातात. घरातला बॅटरी इन्व्हर्टर हा लपलेला भार आहे: वीज गेल्यावर बॅटरी उतरलेली असते, जनरेटर लागताच चार्जर काहीशे वॅट ओढू लागतो आणि लोकांना वाटते मशीन कमजोर आहे. हिशेबात तो धरा किंवा त्याचा इनपुट बंद ठेवा.

भार चढवताना सुरुवातीचा धक्का सगळ्यात मोठा असलेले उपकरण आधी, ते स्थिर झाले की पुढचे. फ्रिज बंद झाला असेल तर पुन्हा लावण्याआधी पाच मिनिटे थांबा. कॉम्प्रेसरमधला दाब उतरू द्यावा लागतो.

प्रश्न : जनरेटर घरापासून 30 मीटरवर ठेवला आहे. साधी एक्स्टेंशन वायर चालेल का?

घरातली पातळ पांढरी वायर नको. 30 मीटरसाठी तांब्याची, तीन तारांची, रबरी आवरणाची आणि 2.5 चौरस मिलिमीटरची केबल घ्या. 10 अँपिअरला तिच्यात साधारण 5 व्होल्ट पडतात. 1.5 मध्ये 9, आणि 0.75 च्या वायरमध्ये 17 व्होल्टच्या आसपास. मोटार सुरू होताना प्रवाह तिप्पट झाला की घटही तिप्पट. केबल ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, नाहीतर आतले वेढे तापून आवरण वितळते. दाराच्या फटीत किंवा चटईखाली केबल दाबू नका. जोड असलाच तर जमिनीपासून उचललेला आणि झाकलेला हवा.

प्रश्न : टाकी चार तासांत संपते. चालू मशीनमध्ये सावकाश पेट्रोल ओतले तर हरकत आहे का?

आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी निर्माण होते, मग तापलेल्या इंजिनाजवळ काय होईल ते सांगायला नको. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत जाऊन आग मागे घेऊन येते. बहुतेक मशीनची टाकी इंजिनच्या डोक्यावर असते. सांडलेला थेंब लाल झालेल्या सायलेन्सरवरच पडतो.

भार काढा, मशीन बंद करा, निदान 15 मिनिटे थांबा. रात्री उजेड बॅटरीच्या टॉर्चचा. कॅन जमिनीवर ठेवून मगच टाकीचे झाकण उघडा. नरसाळे गाळणीचे वापरा आणि टाकी काठोकाठ भरू नका. तळापासून मोजण्यापेक्षा तोंडाखाली दोन-तीन सेंटिमीटर रिकामे ठेवा, पेट्रोल तापून फुगते. सांडले तर पुसून, फडके लांब टाकून, वाफ उडून जाईपर्यंत मशीन सुरू करू नका. कॅन पेट्रोलसाठीच बनवलेला हवा. पाण्याच्या बाटल्या, शीतपेयाच्या बाटल्या नकोत: प्लास्टिक मऊ पडते आणि कोणी तहानेने तोंडाला लावते. साठा घरात नाही, गॅस शेगडी किंवा गिझरजवळ तर नाहीच. कायद्याने किती साठवता येते ते आधी पाहा.

टाकी कोरडी पडेपर्यंत भारावर चालवण्याची सवयही वाईट. शेवटच्या क्षणी इंजिन गचके खाते, व्होल्टेज वरखाली होते, त्यात उपकरणे जातात. काटा पाव टाकीवर आला की थांबा.

प्रश्न : सुरू करण्याचा आणि बंद करण्याचा नेमका क्रम काय?

मशीन सपाट जागी. ऑईल पाहताना पट्टी पुसून घाला. अनेक इंजिनांत ती न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची असते, मॅन्युअल पाहून घ्या. सगळी उपकरणे आणि मशीनवरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) बंद. टाकीच्या झाकणावर हवेचा खटका असेल तर तो उघडा, पेट्रोलचा कॉक उघडा, इंजिन थंड असेल तर चोक लावा, स्विच चालूवर न्या. दोरी आधी हळू ओढा. अडखळली की तिथून एका दमात ओढा आणि हातानेच परत जाऊ द्या, सोडून देऊ नका. मशीन धरले की चोक थोडा थोडा काढा, दोन-तीन मिनिटे रिकामे चालू द्या, मग एमसीबी, मग एकेक उपकरण.

बंद करताना उलट: उपकरणे, एमसीबी, दोन-तीन मिनिटे रिकामे चालवून इंजिन थंड करणे, स्विच, शेवटी कॉक. भारासकट थेट स्विच मारणे टाळा.

प्रश्न : जनरेटरवर कॉम्प्युटरचा यूपीएस सारखा टिकटिकतो आणि बॅटरीवरच चालतो. दोष कोणाचा?

दोघांचे जमत नाही, एवढेच. साध्या जनरेटरमध्ये 50 हर्ट्झसाठी इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरले पाहिजे. रिकामे असताना हा आकडा 52 हर्ट्झपर्यंत जातो, भार वाढला की उतरतो, आणि लहरही स्वच्छ नसते. यूपीएस तो पुरवठा नाकारतो. काही यूपीएसमध्ये संवेदनशीलता कमी करण्याची सोय असते, ती वापरून पाहा. इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर आधी डीसी करून मग स्वच्छ लहर बनवतो, म्हणून कॉम्प्युटर, वैद्यकीय उपकरणे यांना तोच घ्यावा. श्वासाला मदत करणारे यंत्र घरी असेल तर मध्ये चांगली बॅटरी हवीच. पेट्रोल भरण्याची 15 मिनिटे तिच्यावर काढायची असतात.

प्रश्न : सहा महिने ठेवला होता, आता कितीही दोरी ओढली तरी लागत नाही.

जुने पेट्रोल. दोन-तीन महिन्यांत त्याचा हलका भाग उडून जातो, उरलेला चिकट होतो आणि कार्ब्युरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) जेट बुजवतो. त्या जेटचे भोक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषते, पाणी तळाला जमते आणि कार्ब्युरेटरची वाटी गंजते.

टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी पूर्ण रिकामी करा, ताजे पेट्रोल घाला. स्पार्क प्लग काढून पाहा: काळा-ओला असेल तर पुसून, अंतर 0.7 ते 0.8 मिलिमीटर ठेवून बसवा. एअर फिल्टर झटका. तरीही चोक लावल्यावर धरते आणि काढल्यावर मरते, तर जेट बुजले आहे. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेने साफ करून घ्या. तारेने भोक कोरू नका, ते मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते.

पुढच्या वेळी ठेवण्याआधी कॉक बंद करून मशीन आपोआप थांबेपर्यंत चालवा, मग वाटीचा खालचा स्क्रू उघडून उरलेले काढा, टाकीही रिकामी करा. प्लग काढून त्या भोकात चमचाभर इंजिन ऑईल सोडा, दोरी हळू दोन-तीनदा ओढा, प्लग बसवा, आणि दोरी अडखळते तिथे सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि ओलावा आत जात नाही. किंवा पेट्रोल ताजे ठेवून महिन्यातून एकदा 15-20 मिनिटे अर्ध्या भारावर चालवा.

प्रश्न : दहा मिनिटे चालतो आणि आपोआप बंद पडतो. दुसऱ्या मशीनचे इंजिन नीट चालते पण वीजच येत नाही.

पहिल्यात ऑईल पाहा. पातळी कमी झाली की सेन्सर इंजिन बंद करतो. उतारावर ठेवलेल्या मशीनमध्ये ऑईल पुरेसे असूनही तो फसतो. सेन्सरची वायर काढून चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पिस्टन जाम होईल. या आकाराच्या इंजिनला साधारण 0.6 लिटर ऑईल लागते, बहुधा 10डब्ल्यू-30. पहिले ऑईल 20 तासांनी बदलायचे, नंतर दर 100 तासांनी. ऑईल बरोबर असेल तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल. मशीन थंड झाल्यावर झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला आणि मग मशीन लागले, तर तेच कारण.

दुसऱ्यात आधी एमसीबी आणि आरसीसीबी. ते ठीक असतील तर ब्रश झिजले असतील, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गेला असेल, किंवा बरेच दिवस बंद राहिल्याने रोटरमधले उरलेले चुंबकत्व गेले असेल. सॉकेटला ड्रिल लावून हाताने उलटे फिरवण्याची युक्ती सांगितली जाते. ती करू नका. वीज एकदम येते, ड्रिल हातात उसळते. मेकॅनिक बॅटरीने ते दोन मिनिटांत जागे करतो.

प्रश्न : जनरेटरवरच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर मोबाइल किंवा गाडीची बॅटरी चार्ज करता येते का?

मोबाइल नको, ते व्होल्टेज नियंत्रित नसते. त्यासाठी 230 चे सॉकेट आणि मोबाइलचाच चार्जर वापरा. गाडीची 12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चालते, मात्र प्रवाह 8 अँपिअरच्या आसपासच असल्याने काही तास लागतात, आणि ती भरली की तोडणारी यंत्रणा नसते, वेळ तुम्हीच पाहायची. गाडीच्या वायरी काढून बॅटरी मोकळ्या हवेत ठेवा, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. चिमटे लावणे-काढणे जनरेटर बंद असतानाच करा, म्हणजे बॅटरीजवळ ठिणगी पडणार नाही.